मामांच्या अकरा फ्लॉपी: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, कुडाळ

माळ्यावरचा पत्र्याचा डबा आज खाली काढला. मामा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आत सव्वापाच इंची अकरा फ्लॉपी निघाल्या. प्रत्येकीवर मामांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी आहे. एक डॉसची (त्या काळची संगणक चालवणारी प्रणाली), एक डीबेसची (माहिती रकान्यांत साठवणारा कार्यक्रम), ‘बॅकअप १’ आणि ‘बॅकअप २’ असे प्रत्येकी तीनचे दोन संच, आणि सुट्या तीन.

यात मामांचा मालवणी शब्दसंग्रह आहे. निवृत्तीच्या आधीपासून ते गावोगाव फिरून शब्द टिपत आणि रात्री बसून संगणकावर चढवत. संगणक आधी शाळेच्या ऑफिसात होता. तो मोडीत निघाला तेव्हा त्यांनी घरी आणला. त्याची हार्ड डिस्क आता जाम आहे, फिरतच नाही. कागदाच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या. म्हणजे जे काही उरलंय ते या अकरा चकत्यांवर.

मामी म्हणाली, “ह्या चकत्यांत तेंचे शब्द आसत?” मी हो म्हटलं, पण एका फ्लॉपीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. कोकणातले तीस पावसाळे काढलेत त्यांनी.

निघण्यापूर्वी प्रत्येक फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली. सव्वापाच इंचीत खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. यापुढे या फ्लॉपींवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही.

१५ नोव्हेंबर, पुणे

अख्खा दिवस साफसफाईत गेला. बुरशी असलेल्या चार फ्लॉपींचं वेष्टन वरच्या कडेला कापून आतली चकती बाहेर काढली. मास्क, हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड. मधल्या छिद्राकडून कडेकडे हलक्या हाताने पुसायचं, दोन्ही बाजूंनी, मग सुकू द्यायचं आणि एका कोऱ्या फ्लॉपीच्या वेष्टनात घालायचं. ‘बॅकअप २’ मधल्या दुसऱ्या चकतीवर पुसल्यावरही एक फिकट डाग राहिला. जोर लावला नाही. चुंबकीय थर निघाला तर कायमचा निघाला.

२२ नोव्हेंबर

जुन्या बाजारातून आणलेला ड्राइव्ह चालला. तो १.२ एमबीचा आहे, आणि फ्लॉपी ३६० केबीच्या: ४० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकमागे ९ सेक्टर, सेक्टरमागे ५१२ बाइट. वाचायला अडचण नाही, या ड्राइव्हचे ट्रॅक दुप्पट दाट असतात, म्हणून हेडने दर वेळी दोन पावलं टाकायची. ड्राइव्ह थेट डॉसच्या हवाली केला नाही, मध्ये ग्रीझविझलचा बोर्ड लावला. डॉस सेक्टर मागतो आणि मिळाला नाही की ‘अबॉर्ट, रीट्राय, फेल’ विचारत थांबतो. हा बोर्ड चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, म्हणून एकाच ट्रॅकची वीस वाचनं शेजारी ठेवून पाहता येतात.

दहा फ्लॉपी पूर्ण आल्या. डागाची फ्लॉपी दोन सेक्टर सोडून आली. ते दोन सलग आहेत, म्हणजे १०२४ बाइट. ड्राइव्हचं हेड दोनदा पुसलं, पुन्हा वाचलं, तीच जागा. आज इथेच थांबते.

२३ नोव्हेंबर

फ्लॉपींच्या प्रतिमा, म्हणजे उतरवलेल्या हुबेहूब नकला, उघडून पाहिल्या. बूट सेक्टरमध्ये ‘एमएसडॉस ३.३’ अशी खूण आहे. ही आवृत्ती १९८७ ची.

तारखांनी सकाळभर डोकं खाल्लं. एका सुट्या फ्लॉपीवरच्या सगळ्या फायली १ जानेवारी १९८० च्या आहेत. तेव्हा तर हे यंत्रच नव्हतं. कारण डॉसमध्येच आहे: फाइलची तारीख १९८० पासून मोजायची अशी त्याची रचना आहे, आणि एक्सटी जातीच्या जुन्या पीसींत बॅटरीवर चालणारं घड्याळ मुळात नव्हतं. डॉस सुरू होताना तारीख आणि वेळ विचारतो, पण ऑटोएक्झेक डॉट बॅट ही सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल असली की विचारत नाही. मामांनी ती फाइल बनवली, तिच्यात तारखेची आज्ञा घातली नाही, आणि यंत्र रोज सकाळी १९८० च्या पहिल्या दिवशी जागं होत राहिलं.

‘बॅकअप १’ मध्ये ‘डेट’ची ओळ आलेली दिसते. चिठ्ठीवर मामांनी ५/३/९३ लिहिलंय. माझा आजचा संगणक मात्र त्या फाइलची तारीख ३ मे १९९३ दाखवतो. आधी वाटलं, चिठ्ठी दुसऱ्या फ्लॉपीची असेल. मग कळलं. डॉस ३.३ मध्ये देशाची मांडणी बदलली नाही तर तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी, अशी घेतली जाते. मामांनी आपल्या सवयीने ५-३-९३ टाकलं. डॉसने ते मे महिन्याची तीन तारीख म्हणून लिहून घेतलं आणि ‘डिर’ ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा दिल्यावर पुन्हा ५-०३-९३ असंच दाखवलं. पडद्यावर चूक दिसणार तरी कशी? बारा तारखेनंतरच्या दिवशी मात्र डॉस ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणून अडला असणार.

आणि तसंच झालं होतं. ‘बॅकअप २’ मधल्या ऑटोएक्झेकमध्ये डेटच्या ओळीआधी एक ‘रेम’, म्हणजे नुसती टीप, आहे, रोमन अक्षरांतलं मराठी: ‘तारीख विचारली तर महिना आधी’. मामांचं हे स्वतःलाच लिहिलेलं स्मरणपत्र. वाचताना त्यांचा आवाज ऐकू आला. वर्गातही ते असेच फळ्याच्या कोपऱ्यात सूचना लिहून ठेवायचे.

नियम ठरवला: रेमच्या आधीच्या फायलींत दिवस बारापर्यंतचा असेल तर दिवस-महिना उलटवायचा, एरवी तसाच ठेवायचा.

२९ नोव्हेंबर

आधी ‘बॅकअप १’. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमात, मामांच्याच फ्लॉपीवरून डॉस सुरू केला आणि त्यांच्यासारखंच ‘रिस्टोअर ए कोलन सी कोलन’ दिलं. एकामागून एक तीन फ्लॉपी मागितल्या, घातल्या, फायली उतरल्या. त्यात शब्दांची डीबेस फाइल, शब्द डॉट डीबीएफ, ३,७०,११४ बाइट.

पडद्यावर चकाकता कर्सर आणि ‘सी’ एवढंच. हातांना मात्र बरंच काही आठवलं. आधीची ओळ परत हवी तर एफ-३. छोटी फाइल करायची तर ‘कॉपी कॉन’, ओळी टाका, शेवटी एफ-६ दाबा, कंट्रोल-झेड उमटतं, एंटर. शाळेत असताना सुट्टीत कुडाळला आले की मामा मला हेच करायला लावायचे आणि मी माझी ‘दैनंदिनी’ लिहायचे.

त्या कंट्रोल-झेडचं मूळ डॉसच्याही मागे आहे. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीला फाइल किती बाइटची हे ठाऊक नसे, फक्त १२८ बाइटचे किती तुकडे एवढंच कळे. म्हणून मजकूर कुठे संपला हे सांगायला ही खूण. १९७९ मध्ये सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सने ८०८६ प्रोसेसरचा बोर्ड विकायला काढला होता, पण त्यासाठीची सीपी/एम येता येत नव्हती. तिथल्या टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या वळणावरच एक कामचलाऊ प्रणाली लिहिली. तिचं पहिलं नावच ‘झटपट आणि ओबडधोबड’ अशा अर्थाचं होतं, क्यूडॉस. फायलींचा हिशोब ठेवायची पद्धत मात्र त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकमधली फॅट घेतली. सीपी/एमपेक्षा ती सरस, कारण फाइलची नेमकी लांबी आणि तारीख तिच्यामुळे नोंदवता आली. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ५०,००० डॉलरला तिचे सगळे हक्क घेतले, तीच एमएसडॉस झाली, आणि १२ ऑगस्टला आयबीएमचा पीसी बाजारात आला. मामांना हे वर्ष पाठ होतं, त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला म्हणून.

लांबी नोंदवता येऊ लागली तरी कंट्रोल-झेड राहिलंच. फाइल पडद्यावर दाखवणारी डॉसची ‘टाइप’ ही आज्ञा त्या बाइटपाशी थांबते. एका सुट्या फ्लॉपीवरच्या प्रस्तावनेच्या फाइलचं असंच झालं. ‘टाइप’ने अर्धं पान दाखवलं, मूळ फाइल चार पानांची निघाली. मध्येच कुठेतरी ती कळ दाबली गेली असावी. मामांना वाटलं असेल का, की उरलेलं पुसलं गेलं? कारण दुसऱ्या फ्लॉपीवर तीच प्रस्तावना त्यांनी नव्याने लिहिलेली आहे, आणि ती आखूड आहे.

७ डिसेंबर

‘बॅकअप २’. इथे रिस्टोअर उपयोगाचं नाही, खराब सेक्टरवर अडतं. प्रत्येक फ्लॉपीवर दोनच फायली असतात: बॅकअप डॉट ००१, ००२, ००३ आणि त्यांच्या जोडीला कंट्रोल डॉट ००१ वगैरे. पहिलीत सगळ्या फायलींचा माल एकामागून एक ओतलेला, दुसरीत कुणाचा कुठून सुरू होतो आणि किती लांब, याची यादी.

ती यादी वाचायची किल्ली अनपेक्षित ठिकाणी मिळाली. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४ मध्ये डॉस ४.० चा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. १.२५ आणि २.० चा त्याआधी २०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या माध्यमातून आला होता. ४.० मध्ये बॅकअप आणि रिस्टोअर या दोन्ही आज्ञांचा सी भाषेतला कोड आहे. कंट्रोल फाइलचा प्रत्येक रकाना तिथे नावानिशी लिहिलेला. मामांची ३.३ ची फाइल त्याच आखणीत बसली. पन्नास-साठ ओळींचा पायथन लिहिला आणि सगळ्या फायली सुट्या केल्या.

डीबीएफची लांबी ५,५२,१३० बाइट. ती पहिल्या आणि दुसऱ्या फ्लॉपीत विभागलेली आहे. हरवलेले १०२४ बाइट तिच्याच पोटात आहेत.

१३ डिसेंबर

अक्षरांचा दिवस, आणि निराशेचा.

शाळेच्या यंत्रात जिस्ट कार्ड होतं. हे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्यात सी-डॅकने वाढवलं. डॉसला देवनागरी येत नव्हती. त्याच्या दृष्टीने पडदा म्हणजे ८० स्तंभ, २५ ओळी आणि २५६ चिन्हं. जिस्ट कार्ड या पडद्यात मध्ये पडायचं आणि काही बाइट आले की तिथे देवनागरी काढायचं. डीबेसला पत्ताही नसे की आपण मराठी साठवतो आहोत. एम्युलेटरमध्ये ते कार्ड नाही, म्हणून मला मामांचे शब्द म्हणजे पडद्यावर ग्रीक अक्षरं आणि चलनांच्या खुणा असा कचरा दिसतो.

उलगडायला इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता घेतला, भारतीय मानक १३१९४, सन १९९१. त्यात क म्हणजे १७९, हलन्त २३२. चालवला. निघालेला मजकूर कुठल्याच भाषेतला नव्हता. दुपारभर तक्ता तपासत राहिले.

१४ डिसेंबर

उत्तर मोजणीतून मिळालं. कुठला बाइट किती वेळा येतो याचा आलेख काढला, आणि डीबीएफमध्ये १७६ ते २२३ या पट्ट्यात एकही बाइट नव्हता. मधोमध मोठं भोक. इस्कीत तर सगळी व्यंजनं याच पट्ट्यात आहेत!

पीसीच्या अक्षरसंचात १७६ ते २२३ म्हणजे चौकटीच्या रेषा. एकेरी, दुहेरी, कोपरे, छटा. डॉसवरचा प्रत्येक कार्यक्रम मेनूभोवती याच रेषांनी चौकट आखायचा. तिथे देवनागरी बसवली असती तर प्रत्येक चौकटीच्या जागी व्यंजनांची रांग उमटली असती. म्हणून पीसीसाठी इस्कीचा एक वेगळा अवतार होता, पीसी-इस्की, ज्यात अक्षरं या पट्ट्याच्या अलीकडे आणि पलीकडे सरकवली आहेत. मामांच्या मेनूच्या प्रोग्राम फाइलमध्ये हा पट्टा भरलेला आहे, आणि तिथे खरोखरच चौकट आहे.

तक्ता सरकवला. पहिला शब्द उमटला: ‘आवाठ’. खुर्चीतून उठून घरभर फिरले.

मग दुरुस्त्या. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होत होतं, कारण मी ऱ आणि र एकच धरले होते. कोकणच्या शब्दसंग्रहात दरी आणि समुद्र यांची अदलाबदल चालणार नाही. ऱ वेगळा ठेवल्यावर प्रश्न मिटला. इस्कीचा ऍ आजच्या युनिकोड या अक्षरसंचात हिंदी वळणाचा येतो, तो आपल्या ॲ मध्ये बदलला. हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, मामांना तो जिस्टवर कसा दिसत असेल कोण जाणे. हलन्तापुढे हलन्त असेल तर पाय मोडलेला दाखवायचा, हलन्तापुढे नुक्ता असेल तर अर्धं अक्षर. एवढं केल्यावर मजकूर स्वच्छ वाचता येऊ लागला.

२१ डिसेंबर

डीबेसची फाइल इतकी सरळ असते की हाताने वाचता येते. पहिला बाइट ३, पुढचे तीन शेवटच्या बदलाचं वर्ष, महिना, दिवस, मग चार बाइटमध्ये नोंदींची संख्या. रकान्यांची वर्णनं ३२ बाइटची. मामांचे रकाने पाच: क्रमांक ५, शब्द २४, अर्थ ७०, गाव २०, तारीख ८. सुरुवातीला खुणेचा एक बाइट धरला की नोंद बरोबर १२८ बाइटची. एकूण नोंदी ४,३१२.

गावांच्या रकान्यात वालावल, परुळे, आचरे, वेंगुर्ले, मालवण. सत्तर बाइटमध्ये अर्थ बसवायची कसरत जागोजागी दिसते. देवनागरीत प्रत्येक काना-मात्रा वेगळा बाइट खाते. ‘पावसाळ्यात’ लिहायलाच १० जातात. म्हणून मामांची वाक्यं तारेसारखी आहेत, क्रियापदाविना, पण नेमकी.

खुणेच्या त्या एका बाइटमध्ये एरवी मोकळी जागा असते. नोंद काढून टाकली की डीबेस तिथे तारा (*) ठेवतो, नोंद तशीच राहते, आणि ‘पॅक’ दिल्यावरच खरोखर जाते. मामांनी पॅक कधी दिलंच नाही. ६१ नोंदींना तारा आहे. काही दुबार आलेल्या, उरलेल्या बहुतेक शिव्या. गोळा केल्या तेव्हा संशोधकाने टिपल्या, नंतर शिक्षकाने खोडल्या असं दिसतं. मी त्या ठेवणार आहे, वेगळ्या फाइलमध्ये, तारा तसाच ठेवून. मालवणी मुलखातला माणूस ज्या शब्दांनी भांडतो आणि ज्या शब्दांनी लाडही करतो, ते वगळून संग्रह पुरा होत नाही. मामांनी पॅक दिलं नाही, याचा मी तसाच अर्थ घेते.

आता भोक. १०२४ बाइट म्हणजे आठ नोंदींएवढी जागा, पण ती नोंदींच्या सीमेवर पडलेली नाही. ३५१६ चं शेपूट गेलं, ३५१७ ते ३५२३ या सात पूर्ण गेल्या, ३५२४ चं डोकं गेलं. ‘बॅकअप १’ मध्ये २,८९० नोंदीच होत्या, म्हणजे तिथे हे शब्द अजून आलेलेच नव्हते.

२७ डिसेंबर

सात शब्द मिळाले!

रात्री झोपताना सुचलं की शब्द दोन जागी असतात. अकारविल्हे यादी लवकर दिसावी म्हणून डीबेस वेगळी अनुक्रमणिका ठेवतो, शब्द डॉट एनडीएक्स. ५१२ बाइटचं एकेक पान, त्यात प्रत्येक नोंदीचा क्रमांक आणि त्यापुढे शब्दाचा अख्खा २४ बाइटचा रकाना. बॅकअपमध्ये ती डीबीएफच्या मागोमाग आली, तिची सुरुवात दुसऱ्या फ्लॉपीवर आणि उरलेली तिसऱ्यावर. डाग तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

सगळी पानं चाळून ३५१७ ते ३५२३ हे क्रमांक शोधले. अनुक्रमणिकेत ते दूरदूर विखुरलेले होते, कारण तिथे क्रम अकारविल्हे आहे. ओळीने लावले:

कुणगो, मेर, तरवो, इरलां, व्हाळ, मांगर, आणि सातवा मी पूर्वी कधी न ऐकलेला.

हे सगळे शेतीचे. ३५२४ चं शेपूट शाबूत आहे: गाव वालावल, तारीख २४ जून १९९४. मिरग होऊन गेलेला, लावणीचे दिवस. मामा त्या दिवशी कुणाच्या तरी मेरेवर छत्री घेऊन उभे राहून हे टिपत असणार.

अर्थ मात्र अनुक्रमणिकेत नसतात.

३ जानेवारी २०२६, शनिवार, कुडाळ

मामीसमोर लॅपटॉप ठेवला. तिला पडदा नको होता, “तू वाच गो.” मी शब्द वाचत गेले, ती सांगत गेली. सांगताना हात चालत होते, मेर दाखवताना तळहाताची कड जमिनीवर टेकवून.

तिच्या सांगण्यावरून मामांच्या तारेच्या भाषेत, सत्तर बाइटच्या आत लिहिलं. कुणगो: मेरांनी आखलेला भातशेतीचा तुकडा. मेर: शेताचा बांध. तरवो: लावणीसाठीची भाताची रोपं. इरलां: पावसात डोकं-पाठ झाकायचं आच्छादन. व्हाळ: ओढा. मांगर: बागेतलं झोपडीवजा घर. सातवा शब्द मामीने तीनदा म्हणून पाहिला. “ऐकलेलो आसा,” एवढंच म्हणाली. त्याचा अर्थाचा रकाना मोकळा ठेवलाय.

या सहा नोंदींना वेगळी खूण केली आहे, अर्थ मामांचा नव्हे हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून. गाव आणि तारखेचे रकाने शेजारच्या नोंदीवरून अंदाजाने भरता आले असते, पण भरले नाहीत.

४ जानेवारी, कुडाळ

प्रतिमा, सुट्या केलेल्या मूळ फायली आणि युनिकोडमधली यादी अशा तीन थरांत तीन ठिकाणी ठेवलं. दोन्ही प्रस्तावना, लांब आणि आखूड, शेजारी शेजारी.

सकाळी मामीने वालावलच्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावला आणि सातवा शब्द विचारला. त्या म्हणाल्या, सासूला विचारून सांगते. सासूबाई देवळात गेल्या आहेत, संध्याकाळी येतील.